आक्का कॅमेरा झाल्या

तळेगाव ढमढेऱ्यात मी जितकी वर्षं राहिले, तितक्या वर्षांत माझ्या घरमालकिणीनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'क्वालिटी' ठेवून टाकलं. "ए क्वालिटी, वर पाणी आलं का बघ." "क्वालिटी, भाकरी टाकलीया, ये खाली." माझ्या आधी वरच्या खोलीत राहून गेलेले भाडेकरूही त्यांच्या आठवणीत असेच होते. एक 'विमा' होता, एक 'इरिगेशन' होता, आणि एक 'बीएड' होती, तिचं तर लग्नच ह्या अंगणात लागलं. नाव काय, आईबाप ठेवतात, त्यात माणसाचं कर्तृत्व काय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना स्वतःला सगळं गाव आक्का म्हणायचं. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळावर हिरवं गोंदण, आणि आवाज असा की ओट्यावरून "ए!" म्हणाल्या की बाजाराकडं निघालेला जीपवाला आधी ब्रेक दाबायचा आणि मग बघायचा की आपल्याला म्हणाल्या का. माहेर वडगाव रासाईचं. "भीमेत पवलेली बाई हाय मी" हे वाक्य त्या कुठल्याही वादाच्या शेवटी म्हणत. वाद पाण्याचा असो, वाटणीचा असो, नाहीतर आमटीत गूळ घालावा की नाही याचा असो.

आक्कांच्या घरात लपवाछपवी नव्हती. त्यांचं ब्लडप्रेशर किती आहे, भावाशी कशावरून बिनसलंय, सुनेनं दिवाळीला कोणतं लुगडं आणलं आणि ते का आवडलं नाही, हे सगळं त्या ओट्यावर बसून जाहीर सांगायच्या. मी नवीन असताना एकदा म्हटलं, "आक्का, सगळं असं रस्त्यावर सांगता, लोकांना कळतं ना."

"कळू दे की. त्येंचं मला म्हाईत, माझं त्येंना म्हाईत. फिटंफाट."

पुढं जे घडलं त्यात हा 'फिटंफाट' शब्द मला फार वेळा आठवला.

एका सकाळी आक्का मोरीत घसरून पडल्या. शेजारच्या गजरामावशी ताक द्यायला आल्या म्हणून कळलं, नाहीतर कितीतरी वेळ तशाच पडून राहिल्या असत्या. हात मोडला. त्यांचा मुलगा दौंडला एका पतसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर होता. मी त्याला दादा म्हणायचे. आप्पा, म्हणजे आक्कांचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि दादा एकुलता एक. तो धावत आला, आईचा हात बघून लहान मुलासारखा रडला, आणि म्हणाला, "आता बास. चल दौंडला."

"दौंडात काय करू? रेल्वेच्या शिट्ट्या मोजू?"

खूप ओढाताण झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की आक्का तळेगावात राहतील, पण घरात दोन वस्तू बसतील. एक कॅमेरा, मान फिरवणारा, ज्यातून दादाला दौंडात बसून फोनवर घर दिसेल. आणि एक बोलकी डबी, जिला हाक मारली की ती फोन लावते, गाणी लावते, हवामान सांगते. "एवढं तरी ऐक आई," दादा म्हणाला, "नाहीतर पुढच्या वेळी मी विचारणार नाही, उचलून नेईन." हे तो प्रेमानंच बोलला, पण खरं बोलला.

डबी आली त्या दिवशी आक्कांनी तिला पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि नव्या सुनेला विचारतात तशी चौकशी सुरू केली.

"तुझं गाव कंचं?"

"माफ करा, मला समजलं नाही," डबी म्हणाली.

"घरात कोण कोण असतं?"

"माफ करा, मला समजलं नाही."

आक्कांनी माझ्याकडं मान वळवली. "बघ क्वालिटी. माझं समदं ऐकती, आन् हिचं काय इचारलं की हिला समजत न्हाई. असली मान्सं म्या सोयरिकीला बी उभी केली न्हाईत."

गजरामावशींनी आणखी भर घातली. त्यांचा भाचा म्हणे टाचा दुखतात असं नुसतं बोलला, आणि त्याच्या फोनवर टाचेच्या मलमाच्या जाहिराती सुरू झाल्या. आक्कांना ही गोष्ट पडताळून बघायची होती. दुसऱ्या दिवसापासून त्या डबीसमोर बसून मोठ्यानं बोलू लागल्या, "औंदा हत्ती घ्यायचा म्हंते मी. लई मोठा नगं. अंगणात मावंल असा." गजरामावशीही साथ द्यायच्या, "घ्या की. खायला काय, ऊस हायच." संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, की पहिला प्रश्न, "आला का हत्ती?" मी फोन दाखवायचे. नसायचा. आणि मग एक दिवस माझ्या फोनवर खरंच लहान मुलांच्या चाकाच्या हत्तीची जाहिरात आली. मी म्हटलं, योगायोग आहे आक्का. आमच्या खात्यात नापास माल बाजूला काढताना मी त्याच्याकडं जशी बघते, तशा आक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

डबीला त्यांनी आपल्या पद्धतीनं वळण लावलं. आतली गोष्ट बोलायची असली की तिच्यावर दुरडी पालथी घालायच्या, कोंबडीवर घालतात तशी. त्यानं ऐकू यायचं थांबत नाही, हे मी सांगितलं. "न्हाई थांबू दे. तिला कळलं पायजे की हे तुझ्यासाठी न्हाई."

कॅमेऱ्याचं मात्र वळण लागेना. पुढच्या खोलीत, कोपऱ्यात वर, निळा ठिपका लावून तो बसलेला असायचा. आक्का उठल्या की त्याची मान उठायची, बसल्या की खाली यायची. पहिल्या आठवड्यात एकदा गजरामावशी आणि आक्का सुपारी कातरत बसल्या होत्या, आणि छताजवळून पुरुषाचा आवाज आला, "गोळी घेतली का?" गजरामावशी "अगं बया, आप्पा बोललं!" म्हणत सुपारीसकट अंगणात पळाल्या. तो दादा होता. कॅमेऱ्यातून बोलता येतं हे सांगायचं तो विसरला होता. पुढं महिनाभर गजरामावशी त्या खोलीत जाताना कॅमेऱ्याला हात जोडायच्या.

आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. पण त्यातच मला एक गोष्ट दिसली. आक्का स्वतःच्या घरात डोक्यावर पदर घेऊन वावरायला लागल्या होत्या. भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची त्यांची सवय गेली. मांडी घालून, ताठ, पाहुणी आल्यासारख्या बसायच्या.

"आक्का, दादाच बघतो ना. दुसरं कोण आहे?"

"दादा बघतो आसं दादा म्हंतो. पर त्येच्या फोनपातूर जाताना मधी कोन कोन बघतं? आपलं दूध डेअरीला पोचस्तवर किती हातातनं जातं बघ. मी कुनाम्होरं बसलीया हेच मला ठावं न्हाई, मग पदर नगं व्हय?"

मी इंजिनिअर असून मलाही ते माहीत नव्हतं.

आता त्यांच्या दुपारचं सांगायला हवं. दिवसभर सताड उघडं असणारं ते दार दुपारची जेवणं झाली की बंद व्हायचं, आतून कडी लागायची, आणि चहाच्या वेळेला उघडायचं. झोपत असतील असं सगळ्यांना वाटायचं. कॅमेरा आल्यावरही दार लागायचं, फक्त त्याआधी आक्का केरसुणीच्या दांड्यानं कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं करायच्या. तो फोनवरूनही फिरवता येतो, ह्याची त्यांना कल्पना नव्हती. दादाला एका दुपारी फोनमध्ये नुसती भिंत दिसली. आई पुन्हा पडली की काय, असं त्याला वाटलं. त्यानं कॅमेरा फिरवला.

आणि त्याला दिसलं की आई खोलीच्या मधोमध उभी आहे, हातात आमटीची पळी माइकसारखी धरलेली, समोर तक्के, उशा आणि दोन पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले, आणि आई भाषण करतेय.

आक्का कधीकाळी ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या होत्या आणि पडल्या होत्या. निवडून आल्यावर करायचं भाषण मात्र तयार होतं. ते वाया कशाला घालवायचं म्हणून त्या दुपारी ते करायच्या. रोज नवं. त्यात गटाराचा विषय असायचा, एसटीच्या फेऱ्यांचा असायचा, सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या एका खोडीचाही असायचा. "माझ्या माता-भगिनींनो," त्या उशांना म्हणायच्या, आणि मग डब्यांकडं पळी रोखून, "आन् व्यासपीठावर बसलेल्या, निस्त्या बसलेल्या मान्यवरांनो!"

दादाला हसू आवरेना. आई सुखरूप आहे, वर इतकी भारी बोलतेय, ह्या आनंदात त्यानं ते रेकॉर्ड केलं आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आमच्या मातोश्री.' त्याच्या मनात आईचं कौतुकच होतं. पण भावकीतून ते मामेभावांत गेलं, मामेभावांतून मित्रांत, आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत ते तळेगावात पोचलं.

आक्का बाजारात कोथिंबीर घेत होत्या. कोथिंबीरवाला हात जोडून म्हणाला, "काय अध्यक्ष, आमच्या गल्लीतल्या गटाराचं तेवढं बघा की!" शेजारचे दोघंतिघं हसले. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मान्यवरांनो!" आक्कांना आधी कळेना. मग कळलं.

घरी येऊन त्यांनी मला खाली बोलावलं. पिशवी ओट्यावरच टाकलेली होती. "दाव," एवढंच म्हणाल्या. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ते सगळं बघितलं, मधे थांबवलं नाही.

"आवाज बरा येतो गं माझा," त्या म्हणाल्या.

मी हसायला गेले, पण त्या हसत नव्हत्या.

"मला रस्त्यावर भांडताना बघितलं आस्तं तर चाललं आस्तं. मी कडी लावलीवती क्वालिटी. कडी."

त्यानंतर बराच वेळ त्या कोथिंबीर निवडत बसल्या. निवडून झाल्यावर त्यांनी पदर खोचला, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या तुला सुट्टी हाय न्हवं? दौंडाला जाऊ."

"आक्का, भांडू नका हां."

"भांडायचं कशाला? मी एक शबुद बोलणार न्हाई. मी निस्ती बघणार."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. न्हावऱ्यापर्यंत एसटी, तिथून जीप, भीमेचा पूल, चौफुला, मग पुन्हा एसटी. जीपमध्ये आक्कांनी सराव केला. समोर बसलेल्या गृहस्थांकडं पापणी न लवता बघत राहिल्या. ते डावीकडं सरकले की आक्कांची मान हळूहळू डावीकडं, उजवीकडं सरकले की उजवीकडं. पुलाच्या अलीकडंच त्या गृहस्थांनी ड्रायव्हरजवळ जागा बदलून घेतली.

दादानं दार उघडलं. "आई! अगं फोन तरी करायचास!"

"कॅमेरा इचारून येतो व्हय?" आक्का म्हणाल्या आणि आत शिरल्या.

हॉल छान होता, नवा सोफा, मोठा टीव्ही. आक्कांनी चारी कोपरे न्याहाळले आणि चपलांच्या कपाटाशेजारचा कोपरा पसंत केला. उंच स्टूल मागवलं. त्यावर चढून बसल्या, हात मांडीवर ठेवले. "आता तुमी तुमचं चालू द्या. मी कॅमेरा हाय."

वहिनी हसत पाणी घेऊन आल्या. "आत्या, पाणी घ्या." आक्कांची मान वळली, वहिनींवर थांबली. पाणी घेतलं नाही. चहा आला तेव्हा मात्र म्हणाल्या, "चार्जिंगपुरता दे."

पहिला तासभर दादा खूश होता. आई गमतीत आहे, म्हणजे रागावलेली नाही. त्यानं पेपर उघडला, मान वळली. तो उठला, मान उठली. तो स्वयंपाकघरात गेला तर आक्का स्टूल उचलून मागोमाग. "मान फिरवतो, समदीकडं बघतो, तूच म्हनालावतास." तो आत आंघोळीला गेला तेवढीच त्याची सुटका. बाहेर आला तर दारासमोर स्टूल. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की दादा चालताना पोट आत घेतोय आणि वहिनी भांडी आवाज न करता ठेवतायत. मी पाहुणी असून मीही सोफ्याच्या कडेला बसले होते, ताठ.

मधे दादा मला घेऊन मटण आणायला गेला. वाटेत म्हणाला, "आईचं काय बिनसलंय? व्हिडिओमुळं का? अगं सगळ्यांना इतका आवडला तो." मी म्हटलं, "दादा, त्यांनाच विचारा." तो म्हणाला, "ती बोलतच नाहीये ना!"

परत आलो तेव्हा वहिनी काहीशा गोंधळलेल्या दिसल्या. आक्का बाहेर हॉलमध्येच आहेत असं वाटून त्या काहीतरी करत होत्या, आणि मग मागं वळून बघतात तर दारात स्टूल, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याहून जास्त मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. आक्का स्टुलावर तशाच होत्या, तोंड बंद.

जेवणाला त्यांनी 'मेन्टेनन्स' जाहीर केला. हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. पोटभर जेवल्या, मटणाला नावं ठेवली नाहीत, आणि हात धुऊन पुन्हा स्टुलावर, डोळे अर्धवट मिटून. दादाला वाटलं, आईला डुलकी लागली.

संध्याकाळी वहिनींचा भाऊ आणि भावजय चहाला आले. जवळच राहायचे. माणसं मोकळी, हसरी. स्टुलावरच्या आक्कांना बघून त्यांनी विचारलं, हे काय. दादा म्हणाला, "आई आज कॅमेरा झालीय," आणि सगळे हसले. तेव्हा आक्का स्टुलावरून उतरल्या, सोफ्यावर मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "लई येळ झाला. आता दावते."

"काय दाखवतेस?"

"रेकॉर्डिंग."

आणि त्या सुरू झाल्या. सकाळी दादाला त्याच्या चेअरमनसाहेबांचा फोन आला होता. आक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी दादा करून दाखवला. फोन बघताच सोफ्यावरून ताडकन उठणं, बनियनवर असताना शर्टाची बटणं लावल्यासारखी छातीवर बोटं फिरवणं, "व्हय साहेब, हो साहेब, तसंच करतो साहेब," आणि प्रत्येक साहेबाला भिंतीपुढं कमरेतून लवणं. वहिनींचा भाऊ हसून हसून वाकला. मग फ्रिज. डॉक्टरनं गोड बंद केलेलं असताना दादानं फ्रिज उघडून, आधी डावीकडं मग उजवीकडं बघून, बर्फी तोंडात टाकली होती आणि दार लावताना खोकला काढला होता. खोकल्यासकट झालं. भावजयीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आन् मंग आरसा," आक्का म्हणाल्या.

"आई, बास."

"आरशाम्होरं हुबा ऱ्हायला. आडवा झाला. पोट आत घेतलं. आन् सोताला म्हनला," आक्कांनी एका बाजूला वळून हनुवटी वर केली, "'अजून काय वाईट न्हाई!'"

खोली हसण्यानं दणाणली. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. फक्त दादा हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"आई, हे असं चार लोकांत सांगतात का?"

"का रं? खोटं हाय?"

"खोटं नाही. पण..."

"मग? समद्यांना किती आवाडलं बघ."

"अगं पण तेव्हा मी एकटा होतो! मला काय माहीत कुणी..."

तो तिथंच थांबला. बाहेरून एक लांबलचक मालगाडी गेली, आणि ती जाईपर्यंत कुणी बोललं नाही. दादा आईकडं बघत होता. आक्का त्याच्याकडं बघत होत्या, पण आता कॅमेऱ्यासारख्या नाही. लहानपणी ताप आलेल्या मुलाकडं बघावं तशा.

वहिनींच्या भावाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. शांतता झाली म्हणून तो बिचारा गंमत वाढवायला गेला. "आक्का, दाजींचं झालं. आता आमच्या ताईचं दाखवा की!"

वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांचा हात ट्रेवर तसाच राहिला. त्यांनी वर बघितलं नाही.

आक्कांनी पदर सारखा केला. "तिच्या टायमाला," त्या म्हणाल्या, "लाईट गेलती."

वहिनी ट्रे घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग कधी नव्हे ते त्यांनी आतून मोठ्यानं विचारलं, "आत्या, आणखी चहा घेणार ना?"

"कपभर दे," आक्का म्हणाल्या.

दादा आम्हाला सोडायला एसटी स्टँडवर आला. गाडीला अवकाश होता. बाकावर आईशेजारी बसून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो, काढून टाकतो. चुकलं माझं. पण आई, तू परत पडलीस तर? मला झोप लागत नाही. खरंच लागत नाही."

मला वाटलं, आक्का आता भीमेत पोहल्याचं सांगतील. त्यांनी नाही सांगितलं.

"मला बी भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. "मोरीत गेलं की भिंत धरून उभी ऱ्हाती. तुला सांगितलं न्हाई. सांगितलं आस्तं तर दौंडाला आणून बशिवलं आस्तंस."

मग त्या बाकावर मायलेकांनी सगळं ठरवलं. मोरीत खडबडीत फरशी आणि भिंतीला धरायचा दांडा. किल्ली गजरामावशींकडं. रोज सकाळी आक्का फोन करणार, आणि नाही आला तर मी खाली जाऊन बघणार. मी तिथं होते, पण मला कुणी विचारलं नाही. ते गृहीतच होतं. डबीचं काय, असं दादानं भीतभीत विचारलं.

"तिला मोरीजवळ ठेव. पडले तर हाक मारीन, तुला फोन लावंल. कामाची हाय ती. पर घरात नगं." थोडं थांबून म्हणाल्या, "तू इचार रं. काय बी इचार, खरं सांगीन. मशेरीचं बी सांगीन. पर न इचारता बघायचं न्हाई."

"मशेरी?" दादा म्हणाला. "तू मशेरी लावतेस?"

"गाडी आली," आक्का म्हणाल्या.

दादानं शब्द पाळला. कॅमेरा काढला, भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. ग्रुपवर त्यानं काय लिहिलं मला माहीत नाही, पण बाजारात 'अध्यक्ष' म्हणणं हळूहळू थांबलं. पूर्ण थांबलं नाही. पुढं महिला बचत गटाच्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, आक्का, कार्यक्रमात दोन शब्द बोला, तुम्ही इतकं छान बोलता. आक्कांनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, आणि साफ नाही म्हणाल्या. "माझी सभा हाय ती. कुनाला बोलवायचं ते मी ठरवीन."

त्यांनी कुणाला बोलवलं ते मला दिवाळीनंतर समजलं. एका सुट्टीच्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तर वहिनी गल्लीतून येताना दिसल्या. एकट्याच. दौंडहून एसटीनं आल्या होत्या, खांद्याला पिशवी. त्या घरी एकट्या आलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते, आणि सासू-सुनेचं पूर्वीपासून फार जमायचं असंही नव्हतं. आक्का ओट्यावर उभ्याच होत्या. दोघी आत गेल्या. दार लागलं, कडी वाजली.

थोड्या वेळात खालून आवाज यायला लागले. आधी आक्कांचा. मग दुसरा, पातळ, अडखळता, मग जरा चढा. मग टाळ्या. मग दोघींचं हसणं, असं की खालचं हसू फरशीतून माझ्या पायांना लागत होतं. मी बादली उचलून गच्चीच्या पलीकडच्या टोकाला गेले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता.

"अगं, ही तिकडं पोचली का? दोघीही फोन उचलत नाहीत."

"पोचल्या. आत आहेत दोघी. बऱ्या आहेत."

"काय करतायत?"

मी बादलीतला पुढचा कपडा झटकला. खालून पुन्हा टाळ्या आल्या. त्याही त्याला ऐकू गेल्या असणार.

दादा हसला. "नको, सांगू नकोस," तो म्हणाला. "बऱ्या आहेत ना? मग राहू दे." आणि त्यानं फोन ठेवला.